लायसन्स सस्पेंड झालं, आता परत कसं मिळवायचं?

चौकात पोलिसाने अडवलं, चलान फाडलं, दंड भरला, म्हणजे विषय मिटला असं बहुतेकांना वाटतं. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी आरटीओची नोटीस दारात येते आणि मग धावाधाव सुरू होते. दंडाचं खातं वेगळं आणि लायसन्सचं वेगळं. दंड पोलिसांकडे किंवा कोर्टात भरायचा असतो, पण लायसन्स ठेवायचं की काढून घ्यायचं हे आरटीओ ठरवतो. एका खिडकीवरची पावती दुसऱ्या खिडकीवर चालत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवून कामाला लागा.

सगळ्यात आधी, लायसन्स ज्या कागदावर काढून घेतलं तो कागद नीट वाचा. त्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम लिहिलेलं असतं आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कलम २०६ खाली पोलीस लायसन्स दोन तऱ्हेने घेतात. साध्या जप्तीत मिळणाऱ्या तात्पुरत्या पोचपावतीवर लायसन्स परत मिळेपर्यंत, किंवा तिच्यावरच्या मुदतीपर्यंत, गाडी चालवता येते. पण २०६ (४) खाली घेतलं असेल, म्हणजे अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग (सिग्नल तोडणं आणि हातात मोबाइल धरून गाडी चालवणं यातच येतं), दारू पिऊन गाडी, दुचाकीवर तिघं, हेल्मेट नसणं, अॅम्ब्युलन्सला वाट न देणं अशा गुन्ह्यांत, तर त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. दोन्ही पावत्या दिसायला सारख्याच, त्यामुळे ‘पावती आहे ना खिशात’ म्हणून लोक बिनधास्त फिरतात.

पावती २०६ (४) ची असेल किंवा निलंबनाचा आदेश हातात पडला असेल, तर गाडीची किल्ली घरात दुसऱ्या कुणाकडे द्या. निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी भीती विम्याची. चालक लायसन्ससाठी अपात्र ठरवलेला होता, हा विमा कंपनीच्या हातातला कायदेशीर बचाव आहे. अपघातात कुणाला लागलं तर भरपाईचा बोजा शेवटी तुमच्या घरावर येऊ शकतो.

दुसरं काम घरबसल्या होतं. सारथी पोर्टलवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकून स्थिती बघा. ऑक्टोबर २०२० पासून निलंबित आणि रद्द लायसन्सची नोंद पोर्टलवर होते, त्यामुळे कार्ड तुमच्याच पाकिटात असलं तरी लायसन्स बंद असू शकतं. डिजीलॉकरमध्ये दाखवलं म्हणून पोलिसांनी कार्ड घेतलं नाही, याचा अर्थ सुटलो असा नाही. त्याच वेळी पत्ता आणि मोबाइल नंबर तपासा. लायसन्स काढलं तेव्हा तुम्ही साताऱ्यात होतात आणि आता वाकडला राहता, तर नोटीस साताऱ्याच्या जुन्या घरी जाईल. तुम्ही हजर झाला नाहीत म्हणून एकतर्फी आदेश होईल आणि तुम्हाला ते पुढच्या नाक्यावर कळेल.

नोटीस आली की तिला लेखी उत्तर द्या. इथे लोक सगळ्यात जास्त आळस करतात आणि नेमकं इथेच काही हाताला लागण्यासारखं असतं. कलम १९ प्रमाणे म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय लायसन्स काढून घेता येत नाही. पोलिसांकडून आलेल्या प्रकरणात आरटीओपुढे मोजकेच पर्याय असतात : तुम्हाला मोकळं सोडायचं, पहिला गुन्हा असेल तर तीन महिने निलंबन करायचं, दुसऱ्यांदा किंवा त्यापुढे असेल तर लायसन्स रद्द करायचं. म्हणून ‘साहेब, पोटापाण्याचा प्रश्न आहे’ एवढंच लिहून फारसं काही होत नाही. तीन महिन्यांचं दीड महिना करायला कायद्यात जागाच नाही. उत्तर मुद्द्याचं हवं. ई-चलानच्या फोटोत गाडीचा नंबर असतो आणि चलान मालकाच्या नावावर निघतं, पण लायसन्सवरची कारवाई चालवणाऱ्यावर व्हायला हवी. गाडी दुसऱ्याच्या हातात असेल तर असं लिहा :

‘विषय : आपली कारणे दाखवा नोटीस क्र. …, दि. … बाबत खुलासा. महोदय, नोटिशीत नमूद दिनांकास व वेळी सदर दुचाकी मी चालवत नव्हतो, माझा भाऊ चालवत होता. त्या वेळी मी कामावर हजर होतो. हजेरीपत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. छायाचित्रातील व्यक्ती मी नाही. तरी माझ्या लायसन्सवर कारवाई करू नये व प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी, ही विनंती.’

एवढं पुरे. चार पानी कैफियत कुणी वाचत नाही. अर्थात हे खरं असेल तरच लिहा, आणि भावाला आधी सांगून ठेवा, कारण पुढची नोटीस त्याला येणार. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक खिडकीवर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसलेली प्रत रद्दीत जमा समजा. सुनावणीला स्वतः जा. चूक झालीच असेल तर तिथे वाद घालू नका. पहिलाच गुन्हा आहे एवढं सांगा आणि तो पहिला म्हणूनच नोंदला जातोय याची खात्री करा. पहिला आणि दुसरा यात तीन महिने आणि कायमचं रद्द एवढा फरक आहे.

आदेश निघाला की त्याची प्रत मागून घ्या. त्यात कारणं लिहिलेली असायला हवीत आणि निलंबन कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तेही. कार्ड अजून तुमच्याकडे असेल तर लगेच जमा करा आणि पोच घ्या. ‘जमा केव्हा केलं’ यावरून पुढे घोळ नको.

आदेश चुकीचा वाटत असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. अपील कुणाकडे करायचं हे आदेशात लिहिलं नसेल तर त्याच कार्यालयात विचारा. नुसत्या अपिलाने निलंबन थांबतं असं धरून चालू नका. स्थगिती वेगळी मागा. माझं मत विचाराल तर निव्वळ तीन महिन्यांच्या निलंबनासाठी, चूक आपली असताना, अपिलात पडू नये. निकाल लागेपर्यंत तीन महिने बहुधा संपलेले असतात.

त्या तीन महिन्यांत करायचं काम दुसरंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपली म्हणून लायसन्स आपोआप परत मिळत नाही. चालकाचं उजळणी प्रशिक्षण, ज्याला सगळे रिफ्रेशर कोर्स म्हणतात, ते पूर्ण करावं लागतं. हे प्रशिक्षण परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेतच व्हायला हवं. फी भरण्याआधी आरटीओत विचारा की कोणाचं प्रमाणपत्र चालतं. कोपऱ्यावरच्या स्कूलवाल्याने ‘आमचं चालतं’ म्हटलं म्हणून पैसे मोजू नका. पहिल्याच महिन्यात कोर्स उरकून घ्या. शेवटच्या आठवड्यावर ढकललंत तर मुदत संपूनही कार्ड तिथेच पडून राहील.

मधल्या काळात लायसन्सची वैधताही संपत नाही ना, ते बघा. वैधता संपल्यावर वर्षभरात नूतनीकरणाचा अर्ज केला नाही तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते.

याच काळात कुणीतरी शहाणा भेटतोच : ‘लायसन्स हरवलं म्हणून तक्रार कर, डुप्लिकेट काढू’ किंवा ‘गावाकडून नवीन काढून देतो’. या वाटेला जाऊ नका. एका माणसाला एकच लायसन्स ठेवता येतं आणि खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स हे रद्द करायला स्वतंत्र कारण आहे. तीन महिन्यांचं दुखणं कायमचं करून घ्यायचा हा खात्रीचा उपाय.

दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण असेल तर दोन फाइली समांतर चालतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की कलम १८५ लागतं. पहिल्या गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कोर्टालाही लायसन्ससाठी अपात्र ठरवण्याचा अधिकार आहे. कोर्टाने तसा आदेश दिला असेल तर आरटीओच्या खिडकीवर कितीही हात जोडले तरी तो कमी होणार नाही. निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि दंडाच्या पावतीसह फाइलला लावा.

रद्द झालेलं लायसन्स मात्र परत मिळत नाही, नवीन काढावं लागतं. लर्निंगपासून सुरुवात, ३० दिवस थांबायचं, मग पक्की टेस्ट. त्यातही, पूर्वी लायसन्स रद्द झालं होतं या कारणावरून आरटीओ नवीन द्यायला नकार देऊ शकतो. नकार लेखी आणि कारणांसह मागा, कारण त्याविरुद्धही ३० दिवसांत अपील आहे. अर्जात जुनी गोष्ट लपवू नका. पोर्टलवर ती दिसतेच.

निलंबनाची मुदत संपली की साध्या कागदावर अर्ज करा. सोबत आदेशाची प्रत, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, चलान भरल्याच्या पावत्या, कार्ड जमा केल्याची पोच आणि ओळखपत्र जोडा. थकलेली जुनी ई-चलानंही आधीच मिटवून टाका. त्या दिवशी रिक्षाने किंवा बसने जा. लायसन्स आणायला स्वतः गाडी चालवत येऊन आरटीओच्याच आवारात लावणारे महाभागही असतात. कार्ड हातात मिळालं की खिडकी सोडण्याआधी मोबाइलवर सारथी उघडा. स्थिती अजून निलंबितच दिसत असेल तर तिथल्या तिथे सांगा आणि नोंद दुरुस्त करून घ्या. पुढच्या चौकातला हवालदार त्याच्या मशीनवर जे दिसतं तेच खरं मानणार.