शल्यचिकित्सकाचा निर्णय आणि त्याची विश्रांती

राजस्थानात जयपूरच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवर चौमूं हे गाव आहे. तेथील एका तरुणास रात्री पोटाच्या उजव्या बाजूस तीव्र कळा येऊ लागल्या व त्यास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात आणले, अशी कल्पना करू. जयपूर असो, मुंबईचे के. ई. एम. असो वा पुण्याचे ससून, अशा शिक्षण-रुग्णालयात रुग्णास बहुधा प्रथम तपासतो तो निवासी डॉक्टर, म्हणजे पदवी मिळवून शल्यशास्त्राचे शिक्षण घेत असलेला विद्यार्थी. आंत्रपुच्छास (अपेंडिक्सला) सूज आली आहे काय, आणि आली असल्यास शस्त्रक्रिया तत्काळ करावी की सकाळी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. कदाचित तो स्वतःच आदल्या दिवसापासून जागा असतो.

'विलंब केल्यास आंत्रपुच्छ फुटेल' ही समजूत फार जुनी आहे. तिची कसोटी फिनलंड व नॉर्वे येथील शल्यचिकित्सकांनी घेतली. १,८०० हून अधिक रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची शस्त्रक्रिया ८ तासांच्या आत, तर दुसऱ्याची २४ तासांच्या आत करावयाची होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आंत्रपुच्छ फुटण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ८ व दुसऱ्यात शेकडा ९ आढळले. हा फरक नगण्य होय. अर्थात ज्यांचा आजार गुंतागुंतीचा नाही असे वाटत होते, अशाच रुग्णांचा हा प्रयोग होता. तरीही, मध्यरात्रीची घाई प्रत्येक वेळी रुग्णाच्या हिताची असतेच असे नाही, एवढे त्यावरून दिसते.

मग शिकणाऱ्याचे कामाचे तास कमी केले की झाले काय? येथे उत्तर इतके सरळ नाही. अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांच्या कामास आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. ती कायम ठेवून, एका पाळीची लांबी व दोन पाळ्यांमधील विश्रांती यांविषयीचे नियम काही संस्थांपुरते शिथिल करण्यात आले. ११७ प्रशिक्षणक्रमांतील या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे मृत्यू व गंभीर उपद्रव दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. शिथिल नियमांखाली शस्त्रक्रिया अर्धवट सोडून जाण्याची पाळी कमी वेळा आली. परंतु कुटुंब व मित्र यांच्यासाठी वेळ उरत नाही, ही तक्रार वाढली.

याहून महत्त्वाचा, निदान प्रस्तुत लेखकाच्या मते, २०१९ सालचा अभ्यास होय. त्यात अमेरिकेतील ७,४०९ शल्य-विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले होते. शेकडा ३८.५ जणांनी दर आठवड्यास मानसिक थकव्याची लक्षणे जाणवतात असे सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक होते. 'स्त्रियांस हे काम झेपत नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु भेदभाव, शिवीगाळ व छळ यांचा हिशेब गणितात घेताच स्त्री-पुरुषांमधील हा फरक नाहीसा झाला! थकवा आणणारे कारण स्त्रीच्या प्रकृतीत नव्हते, तिला मिळणाऱ्या वागणुकीत होते.

आपल्याकडे केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सामान्यतः दिवसास १२ तासांहून अधिक नसावे, असे म्हटले होते. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने निवासी डॉक्टरांसाठी आठवड्यास अधिकात अधिक ७४ तास काम, एक दिवस सुटी व रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली.