बाळ एक, आज्या दोन, धर्मही दोन



आपल्या वस्त्यांमध्ये आता गल्लीगणिक एखादे मिश्र लग्न असतेच. कुणाची लेक मराठ्यांच्या घरात नांदते, कुणाची सून मुसलमान आहे, कुणाचा जावई ख्रिस्ती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, जात मोडायची तर आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय आहे. पुढे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने आपापला धर्म न सोडताही लग्न नोंदवण्याची सोय झाली. त्यामुळे अशी घरे वाढणार, आणि वाढायलाच हवीत.

लग्नाच्या वेळचा राग वर्ष-दोन वर्षांत निवतो. नातवंड येणार म्हटल्यावर रुसलेली आजीसुद्धा जुन्या लुगड्याची दुपटी शिवायला घेते. खरी ओढाताण सुरू होते ती बाळ जन्मल्यावर. पाचवी पुजायची की नाही? कानात अजान द्यायची का? नामकरण बुद्धविहारात करायचे की चर्चमध्ये? हा विषय आरोग्याच्या पानावर घेण्याचे कारण एवढेच की, यातले बरेच विधी बाळाच्या अंगावर, तोंडात, नाळेवर आणि डोळ्यांत होतात. मोठ्यांच्या भांडणाची झळ सगळ्यात आधी दोन-अडीच किलोच्या जिवाला लागते.

वॉर्डात काय दिसते

प्रसूती वॉर्डात नोकरी करताना मी एक चित्र अनेकदा पाहिले. एक आजी मधात बुडवलेली सोन्याची अंगठी घेऊन उभी असते. दुसरी आजी म्हणते, "हे बामणी थोतांड आमच्या नातवाला नको." पहिली म्हणते, "मग काय तुमच्यासारखं काहीच करायचं नाही?" आवाज चढतात, बाळाचा बाप दोघींच्या मधे अडकतो, बाळाची आई डोळे मिटून पडून राहते. या गडबडीत बाळाला छातीशी लावायचे कुणालाच सुचत नाही आणि जन्मानंतरचा पहिला तास निघून जातो.

यातली दुसरी आजी मध चाटवू नका म्हणत होती, ते बरोबरच होते. पण तिने दिलेले कारण ऐकून पहिली आजी ऐकणार कशी? तिला वाटले, आपल्या देवाचा अपमान झाला. तिथे कुणी म्हणाले असते की, "काकू, मधातल्या जंतूंनी वर्षाच्या आतल्या बाळाचे हातपाय लुळे पडू शकतात, श्वासही बंद पडू शकतो," तर अंगठी तिनेच पदराला बांधून ठेवली असती. आरोग्याची गोष्ट आरोग्याच्या कारणानेच सांगावी. तिला धर्माचे कारण चिकटवले की समोरच्याला ऐकण्याची वाट उरत नाही.

एक सोपा नियम

केसपुत्त गावच्या कालाम लोकांना भगवंतांनी सांगितले होते की, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मानू नका. त्याने अहित होते की हित, ते तपासा. हीच कसोटी घरातल्या प्रत्येक रितीला लावा. मग ती त्यांची असो की आपली. त्यासाठी रितींचे दोन भाग करा.

बाळाच्या अंगाला लागणारे आणि पोटात जाणारे जे काही असेल, ते डॉक्टर, नर्स आणि आशाताई सांगतील तसेच. त्यात कुठल्याच आजीचा धर्म चालणार नाही.

बाळाच्या कानावर आणि नजरेला पडणारे जे असेल, म्हणजे पाळणा, प्रार्थना, वंदना, अजान, गोष्टी, सण, नवे कपडे, ते आईबापांनी मिळून प्रेमाने ठरवावे. अजानीने कानाला इजा होत नाही, त्रिशरणाने होत नाही, पाळण्यातल्या कृष्णाच्या गाण्यानेही होत नाही. त्यातले आपल्या घरात काय ठेवायचे हा विचारांचा प्रश्न आहे. तो निवांत बसून सोडवता येतो.

अंगाला आणि पोटाला: इथे तडजोड नाही

१. जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध सुरू करावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये. रोगाशी लढण्याची पहिली ताकद त्यातच असते. ज्या आजीला "पहिली चव माझ्या हातची" हवी असेल, तिने बाळाला उचलून आईच्या छातीशी लावावे. याहून चांगली पहिली चव नाही.

२. सहा महिने फक्त आईचे दूध. मध, गूळपाणी, उगाळलेली गुटी, चावलेला खजूर, यातले काहीही नको. तीर्थ नको, जमजमचे पाणी नको, चर्चचे पाणी नको आणि परित्राण पाठाचे पाणीही नको. पाण्याचा धर्म कुठलाही असला तरी त्यातून होणारे जुलाब सारखेच.

३. नाळ कोरडी ठेवावी. राख, हळद, शेण, तेल काही लावू नये.

४. पहिले २४ तास अंघोळ घालू नये. नाकात-कानात तेल सोडू नये.

५. डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालू नये. त्यात शिसे असू शकते, आणि बोटाचे जंतू डोळ्यांत जातात ते वेगळेच. तीट लावल्याशिवाय आजीला करमत नसेल, तर तिला तळपायाला टिकली लावू द्या.

६. खाटेखाली शेगडी आणि बंद खोलीत धुरी नको. दहा बाय दहाच्या खोलीत कोळशाचा धूर जीव घेतो.

७. बाळंतिणीला पोटभर जेवण हवे. घरात चालत असेल तर अंडी, मासे, मटण. नसेल तर डाळी, उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या. या काळात नवरात्र, रोजा, उपोसथ असा कुठलाही उपवास नको. अंगावर पाजणाऱ्या आईला रोजातून सूट आहे, हे मुस्लिम आजीला माहीत असते. तिला विचारून पाहा.

८. लसी वेळेवर द्या. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. सरकारी दवाखान्यात सगळ्या मोफत आहेत. गोवर म्हणजे देवी आली, असे म्हणून मूल घरात ठेवू नये.

आपले घरही तपासा

समोरच्याच्या अंधश्रद्धा आपल्याला लगेच दिसतात. पण बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातही बाळाच्या कमरेला काळा करदोटा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. नवजात बाळाच्या डोक्याशी मेणबत्त्या आणि अगरबत्तीचा पुडा जाळला, तरी धूर त्याच्याच छातीत जातो. परित्राणाचा धागा मनगटाला घट्ट बांधला, ओला राहिला, की तिथे कातडी सोलते. नामकरणाला पन्नास जणांनी बाळ हातोहात फिरवले की सर्दी-खोकला घरी येतो. त्यांना जो नियम लावतो तो आधी आपल्याला लावला, तरच आपल्या शब्दाला वजन येते.

जिथे कातडीला सुई-ब्लेड लागते

कान टोचणे, जावळ काढणे आणि मुलाची सुंता, या तिन्हींबद्दल आई आणि बाप दोघांचे एकमत झाल्याशिवाय काही करू नये. आजीने सुट्टीत नेऊन परस्पर उरकू नये. करायचे ठरलेच तर निर्जंतुक साधनांनीच. जावळाला नवे ब्लेड हवे. सुंता दवाखान्यात, शस्त्रक्रिया शिकलेल्या डॉक्टरकडूनच. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल किंवा बाळाची लघवीची जागा जन्मतः वेगळी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. चर्चमध्ये बाप्तिस्मा असेल तर पाणी कोमट असावे आणि डोके लगेच पुसावे.

आजारात आधी दवाखाना

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर दृष्ट, नवस, दुवा, ताबीज, परित्राण सगळे नंतर:

दूध ओढत नाही. अंग तापले आहे किंवा गार पडले आहे. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त आहे, छाती आत ओढली जाते. झटके येतात. तळहात-तळपाय पिवळे दिसतात. नाळेतून पू येतो. बाळ हाका मारूनही जागे होत नाही.

१०८ ला फोन करा. वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि जाण्या-येण्याची सोय मोफत आहे. ज्या आजीला प्रार्थना करायची आहे, तिने रिक्षात बसून करावी. कुणी अडवणार नाही.

जुलाब लागले तर ओआरएस आणि १४ दिवस झिंकची गोळी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

बोलायचे कुणी आणि कसे

ज्याची आई त्याने बोलावे. सुनेने सासूला अडवले की "परक्या घरची पोरगी आम्हाला शिकवते" होते. तेच मुलाने सांगितले तर आई चार शिव्या देईल, पण ऐकेल.

बोलणे सातव्या महिन्यातच उरकावे. दोन्ही विहिणींना तपासणीच्या दिवशी सोबत न्या आणि सिस्टरसमोर बसवा. तिथे ऐकलेला नियम कुणा एका घरचा राहत नाही.

एक गोष्ट बंद केली की आजीच्या हाती दुसरे काम द्या. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल तर त्याला उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी लागते. आई थकली की हे काम आजी करू शकते. एका आजीकडे बाळंतिणीचे जेवण, दुसरीकडे लसीचे कार्ड. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी भेटी देते, तेव्हा दोघींपैकी एक तरी समोर असावी. हाताला काम असलेली आजी कमी भांडते.

नावावरून वाद असेल तर तो चालू द्या, पण जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. नोंद नावाशिवायही होते, नाव मागून घालता येते.

एक गोष्ट सांभाळून घ्यायची नाही

धर्म वेगळा असणे एक आणि विटाळ पाळणे दुसरे. विहीणबाईंच्या देवघरात आपल्याला हात जोडायचे नसतील तर आपण बाहेर बसू, त्यात कुणाचा मान जात नाही. पण बाळाच्या आजोळची माणसे आल्यावर वेगळा कप निघत असेल, "महारांच्या घरचं पाणी पाजू नको" असे बाळाच्या आईला ऐकवले जात असेल, बाळंतिणीला अंधाऱ्या कोपऱ्यात शिवाशीव पाळून ठेवले असेल, तर तो धर्माचा फरक नव्हे, ती अस्पृश्यता आहे. तिथे मुलाच्या बापाने त्याच क्षणी उभे राहून बोललेच पाहिजे. तो गप्प बसला तर ते मूल मोठे होऊन आपल्या अर्ध्या रक्ताची लाज बाळगायला शिकते.

हेच आपल्यालाही लागू आहे. सुनेची आई बुरख्यात आली किंवा देवीचा प्रसाद घेऊन आली म्हणून तिला दारातून परत पाठवू नका. बाळंतिणीला या दिवसांत आपली आई हवी असते. माहेर तुटलेली बाळंतीण सतत रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे बघत नसेल आणि असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर तो नखरा समजू नका. डॉक्टरांना दाखवा. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. बाळाला किंवा स्वतःला काही करून घेण्याची भाषा असेल, तर दोन आठवडे थांबायचे नाही आणि तिला एकटी सोडायची नाही.

मूल बोलू लागल्यावर

चार-पाच वर्षांचे मूल विचारते, "मी कोण?" आईबापांनी एकच उत्तर ठरवून ठेवावे आणि चारही आजी-आजोबांना सांगून ठेवावे. उदाहरणार्थ: "आपल्या घरी आपण बुद्धवंदना करतो. दादीच्या घरी नमाज असते, तिथे आपण गप्प बसतो. मोठा झालास की वाचून, विचार करून तू ठरव." संविधानाच्या २५ व्या कलमाने हा हक्क प्रत्येकाला दिला आहे.

एका आजीने दुसऱ्या आजीची निंदा मुलासमोर करू नये. जे मूल एका घरी गेले की दुसऱ्या घराबद्दल खोटे बोलायला शिकते, त्याचे पोट कारण नसताना दुखते, झोपेत लघवी होऊ लागते, ते शाळेत बोलेनासे होते. अशा वेळी पोटाचे औषध देण्याआधी घरातले बोलणे तपासा.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आईबापांना पूर्व दिशा म्हटले आहे. आजी-आजोबा तर त्या पूर्वेचीही पूर्व. मुलाला ती दोन्हीकडून मिळू द्या. हे पान कापून दोन्ही घरी ठेवा, आणि पुढच्या लसीच्या दिवशी ज्या विहीणबाई जास्त रुसल्या आहेत, त्यांनाच बाळ घेऊन पुढे चालायला सांगा.