हलका क्यू का हवा?

पूलमध्ये कधी कधी पांढरा चेंडू आड आलेल्या चेंडूवरून उडवावा लागतो. त्यासाठी वेगळा, आखूड क्यू असतो. नियमाप्रमाणे त्याची लांबी किमान 40 इंच हवी. गेल्या सुट्टीत कृष्णराजनगरला आजोबांकडे असताना सुतारकाकांच्या लेथवर मी असा क्यू करायला घेतला.

पहिला शिसवाचा केला. मूठ जाड ठेवली, टोकाला कातडी लावली. वजन भरले 360 ग्रॅम. चेंडू उडेचना, क्यूच त्याला दाबून धरी.

मग संवेग अक्षय्यतेचा नियम आठवला. चेंडू साधारण 170 ग्रॅमचा. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक धरली, तर 540 ग्रॅमच्या नेहमीच्या क्यूचा 52 टक्के वेग धडकेनंतरही उरतो, माझ्या क्यूचा 36 टक्के, आणि 250 ग्रॅमच्या क्यूचा फक्त 19 टक्के. वरून तिरका फटका बसला की चेंडू टेबलाच्या दगडी पाटीवर आपटून उसळतो. त्या क्षणी जड क्यू त्याच्या वाटेत असतो. हलका मागे राहतो.

दुसरा क्यू सरळ रेषांच्या सागवानाचा, बारीक मुठीचा केला. वजन 240 ग्रॅम. टोक फेनॉलिकचे, म्हणजे बेकेलाइटच्या जातीचे. कातडी दबते आणि स्पर्श लांबतो. हे टोक फारसे दबत नाही. तिसऱ्या फटक्याला चेंडू उडाला!

मित्रांनो, दोन गोष्टी लक्षात ठेवा. चेंडूखाली क्यू घालून तो उचलणे फाउल आहे. आणि 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलेल्या स्नूकरमध्ये असा उडवलेला फटकाच फाउल ठरतो. तिथे हा क्यू पिशवीतच बरा.