आजची भाकर आज
(दैनंदिन जीवनात परमेश्वरावरील भरवसा)



दर रविवारी मिस्साबलिदानात ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी आपण सर्व जण मिळून प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणतो. त्या प्रार्थनेत आपण पित्याकडे भाकर मागतो. पण किती? वर्षभराची नाही, महिन्याचीही नाही, फक्त आजची. लहानपणापासून तोंडपाठ असल्यामुळे या मागणीकडे आपले लक्ष जात नाही. मागतो आजची भाकर आणि चर्चच्या पायऱ्या उतरण्याआधीच मनात पुढच्या दहा वर्षांचा घोर सुरू होतो. मुलाला मुंबईत नोकरी लागेल का, मुलीचे लग्न जमेल का, कर्जाचा हप्ता कसा फिटेल, तपासणीचा रिपोर्ट काय येईल? हे प्रश्न खोटे नाहीत. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरात यातला एखादा तरी आहेच. म्हणून आज आपण या एका मागणीवर थोडे मनन करू या.

१. मान्नाचा धडा

निर्गमच्या १६ व्या अध्यायात इस्राएली लोक रानात आहेत. मिसरात ते गुलाम होते, पण तिथे निदान पोटाला मिळत असे. इथे काहीच नाही म्हणून ते कुरकुर करू लागले. तेव्हा परमेश्वराने त्यांना मान्ना दिला आणि त्यासोबत एक नियमही घालून दिला: ज्याने त्याने त्या दिवसापुरताच गोळा करावा. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवला, त्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता.

हा क्रम चाळीस वर्षे चालला. एकदाच मोठे कोठार भरून देणे परमेश्वराला अशक्य नव्हते. पण कोठार भरले की माणूस कोठाराकडे पाहतो, देणाऱ्याकडे पाहत नाही. दररोज पहाटे हात पुढे करावा लागल्यामुळे त्या लोकांना दररोज पित्याची आठवण राहिली. भरवसा एका दिवसात येत नाही. तो रोज थोडा थोडा शिकावा लागतो.

२. बेगमी आणि चिंता

मग कुणी विचारील, 'आम्ही कोकणातली माणसे. मे महिन्यात तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची बेगमी केली नाही, तर पावसाळा काढायचा कसा? ती बेगमीही अविश्वासच का?'

नाही. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले आणि त्यावर दुष्काळात लोक जगले. ती योजना परमेश्वराच्याच प्रेरणेने झाली होती. संत मत्तयच्या शुभवर्तमानात (६:२५-३४) प्रभू आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे बोट दाखवतो, तेव्हा तो काम सोडायला सांगत नाही. पाखरेसुद्धा दिवसभर दाण्यासाठी वणवण करतात. प्रभू काढून टाकतो ती काळजाला कुरतडणारी चिंता. बेगमी हाताने होते आणि झाली की संपते. चिंता कितीही केली तरी संपत नाही, आणि तिने घरात मूठभर तांदूळही वाढत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जाळी विणून, होडी डागडुजून ठेवणे हे शहाणपण. 'ऑगस्टमध्ये मासळीच मिळाली नाही तर?' म्हणून रात्र रात्र जागणे, ही चिंता.

३. आपले काम आणि देवाचे काम

रत्नागिरीच्या माणसाला हा फरक आंब्याने शिकवलेला आहे. कलम लावले की फळासाठी चार-पाच वर्षे थांबावे लागते. बागायतदार आळी करतो, खत घालतो, तुडतुड्यांवर फवारणी करतो, राखण ठेवतो. पण मोहोर येण्यासाठी लागणारी थंडी कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. झाड मोहोराने भरून गेले तरी त्या असंख्य फुलांतून फार थोडी फळे शेवटपर्यंत टिकतात. आंबा उतरवून अढी घातली की घरातली जाणती माणसे मुलांना दम देतात, 'रोज दाबून पाहू नका.' दाबल्याने आंबा लवकर पिकत नाही, त्याला डाग मात्र पडतो.

संत मार्कच्या शुभवर्तमानात (४:२६-२९) प्रभूने हेच सांगितले आहे. माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो आणि ते बी कसे रुजते हे त्याला कळतही नाही. पेरणी त्याने केली, पण वाढ त्याच्या हातात नाही. आपणही मुलांच्या शिक्षणाची, आजारपणातल्या औषधाची, धंद्यातल्या कष्टाची आपली बाजू पुरी करावी आणि मग रोज दाबून पाहणे थांबवावे.

४. देवाची परीक्षा पाहू नये

भरवशाच्या नावाखाली एक चूकही होऊ शकते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने प्रभूला सुचवले, तेव्हा प्रभूने ते नाकारले (मत्तय ४:५-७). बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला असताना 'देव बघून घेईल' म्हणत होडी लोटणे हा भरवसा नव्हे. डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून केवळ नवस बोलणे हाही नव्हे. बावटा लावणारा माणूस आणि औषध देणारा डॉक्टर, हेसुद्धा देवाने आपल्यासाठी केलेल्या तरतुदीचाच भाग आहेत.

५. आणि वादळ आलेच तर?

सर्वांत कठीण प्रश्न हा आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले, तेव्हा किनाऱ्यावरच्या कित्येक घरांनी परत न आलेल्या माणसांची वाट पाहिली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने हाताशी आलेला आंबा जमिनीवर पाडला आणि त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. या घरांतील माणसेही प्रार्थना करीत होती. मग त्यांचा भरवसा कमी पडला काय?

असे कुणीही, कुणालाही, कधीही म्हणू नये. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती हा विचार प्रभूने स्पष्ट शब्दांत खोडून काढला (लूक १३:४-५). वादळ कधी येणारच नाही, असे वचन शुभवर्तमानात कुठेही नाही. शिष्यांच्या होडीतही पाणी शिरले, आणि प्रभू त्याच होडीत होता (मार्क ४:३५-४१). गेथशेमनी बागेत त्याने स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली. तो टळला नाही. क्रुसावर त्याने आक्रोश केला आणि तरीही शेवटचा श्वास पित्याच्या हाती सोपवला. म्हणून दुःखात रडणे, देवाला 'का?' म्हणून विचारणे, हे अविश्वासाचे लक्षण नाही. देवाशी बोलणेच बंद करणे, हा खरा धोका आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेऊ या. देवाची मदत पुष्कळदा माणसाच्या हातून येते. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरले होते. तिने त्यातूनच एलियाला भाकर दिली आणि तिचे पिठाचे मडके रिते झाले नाही (१ राजे १७). चिपळूणच्या पुरानंतर ठिकठिकाणची माणसे पाणी, अन्न आणि चिखल उपसायला फावडी घेऊन आली. ज्यांच्या घरात चिखल होता, त्यांना देवाचा हात त्या फावड्यांतून दिसला. प्रार्थनेत आपण 'माझी' भाकर मागत नाही, 'आमची' मागतो. तेव्हा शेजाऱ्याच्या भाकरीची मागणी कदाचित आपल्याच हातून पुरी व्हायची असेल.

६. कोकणचा एक संत

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. श्रीलंकेत डच राजवटीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली आहे आणि तेथील भाविक अनेक वर्षे मिस्सा व संस्कारांवाचून आहेत, हे कळल्यावर १६८७ साली ते मजुराच्या वेशात तिथे गेले. हाती पैसा नव्हता, ओळखीचे कुणी नव्हते. पोहोचताच ते आजारी पडले. पुढे गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरले. जिथे जपमाळ पाहून डोळे चमकत, तिथे आपले भाविक आहेत हे त्यांना कळे. कँडीत त्यांना हेर समजून कैदेत टाकले. १६९७ मध्ये देवीची साथ आली आणि लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा हेच फादर त्यांच्या सेवेला राहिले. १६ जानेवारी १७११ रोजी ते प्रभूघरी गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले.

चोवीस वर्षांची योजना हाती घेऊन ते निघाले नव्हते. आजचे घर, आजचा आजारी, आजची मिस्सा, एवढेच त्यांच्यापुढे होते.

७. या आठवड्यासाठी

• सकाळी उठल्यावर प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणू या. 'आज' या शब्दापाशी क्षणभर थांबून आजचीच एक गरज पित्याला सांगू या.
• मनातली एक चिंता कागदावर लिहू या. तिच्यातले आपण करण्यासारखे काय, ते आजच करू या. उरलेले संध्याकाळच्या जपमाळेत पवित्र मरियेच्या हाती देऊ या.
• रात्री कुटुंबाने एकत्र बसून आज मिळालेल्या एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानू या.
• आपल्या वाडीत कुणाची चूल अडली आहे का, कुणी आजारी वा एकटे आहे का, याची विचारपूस करू या.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आमच्या हातांना कामाची शक्ती दे आणि आमच्या मनाला विसावा दे. जे आमच्या हाती आहे ते आम्ही प्रामाणिकपणे करावे, जे नाही ते तुझ्या हाती सोडावे. दर्यावर, बागेत, कचेरीत, शाळेत आणि परगावी असलेल्या आमच्या माणसांना सांभाळ. वादळात ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांच्या जवळ राहा आणि आम्हांलाही त्यांच्या जवळ राहायला शिकव. आमेन.