आलेखाची उभी पट्टी कोठून सुरू करावी?



हंगामाच्या तोंडावर घोटी भागातील एका गट बैठकीत आम्ही ऊस पक्वतेचा आलेख भिंतीवर लावला होता. रिफ्रॅक्टोमीटरने घेतलेल्या ब्रिक्सची तीन गटांची सरासरी त्यात होती. समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ : 20, 19 आणि 18.5. संगणकात भरले, एक्सेलने तीन स्तंभ काढून दिले, आम्ही छापून नेले. तिसऱ्या गटातले एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, "साहेब, आमचा ऊस निम्म्यानं कच्चा दिसतोय की! मग खोडवा कशाला ठेवायचा? मोडूनच टाकतो."

चूक आमची होती. उभी पट्टी संगणकाने आपल्या मनाने 17.5 पासून सुरू केली होती. त्यामुळे पहिला स्तंभ अडीच घरे उंच आणि तिसरा अवघा एक घर. प्रत्यक्षात 20 आणि 18.5 यांत फरक साडेसात टक्क्यांचा. आकडे जवळजवळचे असले म्हणजे एक्सेल शून्य सोडून मधूनच पट्टी धरते, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. स्तंभाची उंची डोळा बुडापासून मोजतो. बूडच कापले तर डोळा फसणारच. म्हणून स्तंभ काढावयाचे असतील तर पट्टी शून्यापासूनच हवी. उभ्या अक्षावर माऊसचे उजवे बटण दाबून 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस' उघडावे आणि 'मिनिमम'च्या चौकटीत 0 भरावा. एवढेच काम.

मग सगळीकडेच शून्य धरावे काय? नाही, आणि येथेच थोडे डोके लावावे लागते. साखर उताऱ्याचे घ्या. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावरील प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. साठ टन ऊस घालणाऱ्याला हा एक दशांश 2,076 रुपयांचा पडतो. आता पंधरवडावार उताऱ्याची रेघ 0 ते 100 च्या पट्टीवर काढली, तर ती जमिनीलगत सरळ पडलेली दिसेल आणि "उतारा आहे तिथंच आहे" असे म्हणून आपण घरी जाऊ. येथे स्तंभ नकोतच. रेघ काढावी, पट्टी 8 ते 13 धरावी, आणि तळाशी ठळक लिहावे की सुरुवात 8 पासून आहे. रेघेत आपण चढ-उतार पाहतो, बुडापासूनची उंची नव्हे. म्हणून तेथे हे चालते. 10.25 वर एक आडवी रेघ मारली की हिशेब आपोआप कळतो.

ब्रिक्सचेही तसेच. आता आम्ही स्तंभ सोडून ठिपके मांडतो, पट्टी 14 ते 24, आणि 18 वर आडवी रेघ. तिन्ही गट रेघेच्या वर आहेत, हे मागच्या बाकावरूनही दिसते. दीड ब्रिक्सचा फरक काहीच नाही असे आम्ही म्हणत नाही. तोडणीचा क्रम त्यावर ठरतो. पण खोडवा मोडण्याचे ते कारण नव्हे.

टक्केवारीत वेगळीच गंमत आहे. दारणा आणि भावली ही दोन्ही धरणे आपल्या इगतपुरी तालुक्यातली. दोन्ही भरली की टक्क्यांच्या आलेखात दोन्ही स्तंभ शंभराला टेकतात. पण दारणेची क्षमता 7,149 दशलक्ष घनफूट आणि भावलीची 1,434. म्हणजे उंची सारखी, पाणी मात्र पाचपट कमीजास्त. धरण किती भरले हे पाहावयाचे तर टक्के घ्या आणि पट्टी 0 ते 100 च ठेवा. पाणी किती हे पाहावयाचे तर दशलक्ष घनफूट घ्या.

पावसाचा आलेख पाहताना तर हमखास गफलत होते. इगतपुरीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात, शेजारच्या सिन्नरच्या पूर्व भागाचा काही शेकड्यांत. एका पट्टीवर मांडले की सिन्नरची दोन्ही वर्षे, बरे आणि दुष्काळी, सारखीच बुटकी दिसतात. तेथे दीडशे मिलिमीटर कमी पडला की पीक हातचे जाते, हे चित्रात कोठेच नाही. गावागावांची तुलना हवी तर पट्टी एक; एकाच गावाची वर्षे पाहावयाची तर त्या गावाचा आलेख वेगळा. मात्र दोन वर्षांचे दोन कागद शेजारी लावले, तर दोन्हींच्या पट्टीचे तळ-माथे एकच ठेवावेत. संगणक दर वेळी नवे धरतो.

त्या सभासदांचा खोडवा शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही नवा कागद घेऊन त्यांच्या बांधावर गेलो. त्यांनी तो उभा-आडवा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "ही पट्टी कुठनं सुरू केली?"