बोट तुटले, पण नोंद झाली का?

डोंबिवली एम.आय.डी.सी.त २६ मे २०१६ रोजी ‘प्रोबेस’मध्ये आणि २३ मे २०२४ रोजी ‘अमुदान’मध्ये स्फोट झाला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला कळले. पण वागळे इस्टेटमधल्या एखाद्या शेडमध्ये पॉवर प्रेसखाली कुणाचे बोट गेले, तर ते शेजारच्या शेडलाही कळत नाही. सरकारला तरी कळते का?

कायद्याने कळायला हवे. जखमेमुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर मालकाने अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात हे होते, २०२० च्या नव्या संहितेतही आहे. आपल्याकडे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. राज्य विमा योजनेतील (ई.एस.आय.) कामगार असेल तर विमा महामंडळाकडे वेगळा अहवाल जातो.

गोम आहे ती त्या ४८ तासांत. काही ठिकाणी पट्टी बांधलेल्या कामगाराला दुसऱ्याच दिवशी बोलावून नुसते बसवून ठेवतात आणि हजेरी लावतात. कागदावर तो कामावर, म्हणजे अपघात मोजायचा नाही! दुसरी चूक दवाखान्यात होते. सोबत आलेला मुकादम ‘घरी दारात बोट सापडले’ असे सांगतो, केसपेपरवर तसेच उतरते आणि पुढे विम्याचा हक्क सिद्ध करताना नाकी नऊ येतात. डॉक्टरांना खरे तेच सांगा. कोणते यंत्र, किती वाजता, हेही.

बोट तुटून पडले तर ते बर्फात टाकू नका. स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. जखमेवर स्वच्छ कापडाने दाब द्या, हात उंच धरा.

नोंदीवर पैसाही अवलंबून असतो. विमाधारकाला कामावरील जखमेच्या रजेत सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी नोकरी किती दिवसांची, ही अट नाही. कायमच्या अपंगत्वाच्या तक्त्यात अंगठा गेल्यास ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के कमाईशक्ती गेली असे धरतात. कारखान्यातील अपघात-वहीत नाव त्याच दिवशी चढवून घ्या. स्वतः जाता येत नसेल तर सोबत्याला पाठवा.