स्थापत्य अभियंत्याची घडण

रस्ते, पूल, धरणे, इमारती, पाणीपुरवठा व मलनिःसारण ही स्थापत्य अभियांत्रिकीची प्रमुख क्षेत्रे होत. या व्यवसायाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला गणित व पदार्थविज्ञान यांचा पाया पक्का करावा लागतो. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका किंवा बारावीनंतर चार वर्षांची पदवी, असे दोन मार्ग त्याच्यापुढे असतात. परंतु पदवी हे केवळ प्रवेशद्वार होय. अभियंता घडतो तो प्रत्यक्ष कामावर. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीवरून हे स्पष्ट होते.

म्हैसूर संस्थानात जन्मलेले विश्वेश्वरय्या शिष्यवृत्ती मिळवून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले. १८८३ मध्ये ते अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढील वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. पुण्याजवळील खडकवासला येथे पावसाळ्यात बरेच पाणी सांडव्यावरून वाहून जाई, तर उन्हाळ्यात साठा अपुरा पडे. धरणाची भिंत न उंचावता त्यांनी १९०३ मध्ये सांडव्यावर स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठराविक पातळीवर चढले म्हणजे ती आपोआप उघडत व पातळी उतरताच मिटत. असलेल्या बांधकामातून अधिक उपयोग कसा साधावा, याचा हा उत्तम धडा होय.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे दगावली. सल्ल्यासाठी बोलाविलेल्या विश्वेश्वरय्यांनी केवळ शहराचे काठ पाहिले नाहीत, तर वरच्या पाणलोट क्षेत्रातील पाऊस व तलाव यांचाही अभ्यास केला. तेथील अनेक तलाव फुटल्याने पूर वाढला होता. म्हणून शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधून पूर तेथेच अडवावा, असे त्यांनी सुचविले. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले.

निरीक्षणाइतकीच सावधगिरीही आवश्यक असते. १९६१ च्या पावसाळ्यात पानशेत धरणाचे बांधकाम पूर्ण झालेले नसतानाच त्यात पाणी साठले. १२ जुलै रोजी ते फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठचा मोठा भाग पाण्याखाली गेला. काम ठरल्या वेळी पुरे करणे हे अभियंत्याचे कर्तव्य खरेच. तथापि ते अद्याप सुरक्षित नसल्यास तसे स्पष्ट सांगणे, हे त्याहून मोठे कर्तव्य होय.

शासकीय सेवा, खासगी बांधकाम, सल्लागाराचे काम किंवा संशोधन, यांपैकी कोणतेही क्षेत्र निवडले तरी ही जबाबदारी सुटत नाही. पूल ओलांडणारा प्रवासी अभियंत्याची आकडेमोड तपासून पाहत नाही. तो विश्वासाने पाऊल टाकतो. त्या विश्वासास पात्र ठरण्याची तयारी असेल, त्यानेच हा व्यवसाय पत्करावा.